मदत हवी आहे: वर्डमधलं लांब टेबल पुढच्या पानावर गेलं की गावाचं नाव मागेच राहतं

नमस्कार मंडळी, नागपूरहून विचारतोय. काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांच्या माती परीक्षणाचा तक्ता वर्डमध्ये लावतोय. 'रिपीट हेडर रोज' चालू आहे, टेबलाचं टेक्स्ट रॅपिंग बंद, त्यामुळे शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर नीट येते. अडचण गावाच्या रकान्याची. तो उभा मर्ज केलाय, म्हणजे एका गावाच्या सगळ्या ओळींचे कप्पे जोडून नाव एकदाच लिहिलंय. उरलेल्या ओळी पुढच्या पानावर गेल्या की तिथं रकाना कोरा दिसतो. मग मातीचा सामू (pH), सेंद्रिय कर्ब हे आकडे कोणत्या गावचे? शेतकऱ्यानं दुसऱ्याच ओळीवरून खत द्यायला नको, एवढीच काळजी. टेबल हातानं तोडलं तर एक ओळ वाढताच सगळं सरकतं. 'कीप विथ नेक्स्ट'नं (ओळ पुढच्या ओळीसोबत एकाच पानावर ठेवणारी सोय) लहान गावांच्या ओळी एकत्र राहतील, पण ज्या गावाच्या ओळी एका पानात मावत नाहीत त्याचं काय? मर्ज काढून प्रत्येक ओळीत नाव लिहावं, की दुसरा काही उपाय आहे?