तेल लावूनही पटाश्या गंजल्या, गाडीच्या दाराला फुगे आले

रंधेवाला:
वडिलांच्या सुतारकामाच्या सात पटाश्या आणि एक लोखंडी रंधा माझ्याकडे आहे. ते गेल्यावर पेटी उघडली तेव्हा सगळं लखलखीत होतं. मी एकेक पटाशी हातात घेऊन बराच वेळ पाहत बसलो. मग शिवणयंत्राचं तेल लावलं, सुती फडक्यात गुंडाळलं आणि पेटी माळ्यावर ठेवली. चार महिन्यांनी काल उघडली, तर सगळ्यांत रुंद पटाशीच्या पात्यावर अंगठ्याचा ठसा उमटलेला. गंजाचा. रेषा न् रेषा दिसतेय, आणि अंगठा माझाच आहे. बाकीच्यांवर तांबूस ठिपके. तेल लावूनही असं का झालं? चुकलं कुठे ते कळलं तर बरं होईल, नाहीतर पुन्हा तेच करून बसेन.

दुसरं, गाडीच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलाय, वाटाण्याएवढे तीन फुगे. ते खरवडून वरून रंग मारला तर चालेल का?

पाना_बारा_तेरा:
ठसा म्हणजे तुमच्या घामातलं मीठ. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या खारट ओलाव्यात लोखंड झपाट्याने गंजतं. तुम्ही आधी हाताळलं, मग तेल लावलं, म्हणजे मीठ तेलाखालीच राहिलं. वर सुती फडकं. सूत तेल शोषून घेतं आणि दमट दिवसांत हवेतली ओलही धरून ठेवतं. महिनाभरात पात्यावरचं तेल फडक्यात गेलं असणार आणि फडक्यातली ओल पात्यावर आली असणार. शिवणयंत्राचं तेल मुळात पातळ, ते वापरातल्या हत्याराला ठीक. महिनोन् महिने पडून राहणाऱ्याला नाही.

माझी पद्धत सांगतो. हत्यार ठेवण्याआधी कोरड्या फडक्याने पुसायचं, मग फडक्याला थोडं रॉकेल लावून परत पुसायचं. रॉकेल उडून जाईपर्यंत थांबायचं, जवळ आग नको. मग पातं हाताला कोमट लागेल इतकं उन्हात तापवून त्यावर मेण. मेण आणि मिनरल ऑइल मंद आचेवर, भांडं गरम पाण्यात ठेवून एकत्र केलं की मलमासारखं होतं. ते चोळून जास्तीचं पुसून टाकायचं. यानंतर पात्याला हात लावायचा नाही, मूठ धरूनच ठेवायचं. खाण्याचं तेल अजिबात नको, काही महिन्यांत ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या तेलाबद्दल कुणीतरी सांगेलच. त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. ते काम ते छान करतं. पण मागे उरणारा थर पातळ असतो, वर्षभराच्या साठवणीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

आणि पेटी माळ्यावरून खाली आणा. छताखाली दिवसा तापतं, रात्री गार होतं. रात्री लोखंड गार पडलं की दमट हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं, थंड तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. पेटी नीट बंद होत असेल तर आत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवा. उघडीच राहत असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

पत्राकाम:
दाराबद्दल मी सांगतो. वरून रंग मारू नका. गंजाला मूळ लोखंडापेक्षा खूप जास्त जागा लागते, म्हणून तो रंग उचलतो. फुगा बाहेर दिसला म्हणजे बहुतेक वेळा गंज आतून आलाय.

काचेच्या रबरापासून थोडं पाणी दारात जातच असतं. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला लहान भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साठतं. दार उघडून खालची कड बोटाने चाचपा, भोकात प्लॅस्टिकची बारीक काडी घाला. तार नको, आतला रंग खरवडला जातो.

मग फुगे चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासायचे. खड्ड्यात काळपट गंज उरलाच तर फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज स्थिर करणारं द्रावण लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मग रंग. दाराच्या आत पोकळीत जाणारं मेण फवारायचं, पण आतून कोरडं झाल्यावर. स्क्रू ड्रायव्हर टेकवल्यावर पत्रा आत दबला तर मात्र घासण्यात अर्थ नाही, तुकडा कापून नवा जोडावा लागेल.

गाडीच्या पोटाला जाड काळं कोटिंग मारून घेण्याआधीही हेच. गंजावर मारलं तर ओल आत कोंडते आणि वरून काही दिसत नाही. खारट रस्त्यावरून आलात तर खालून साध्या पाण्याने धुवा, मडगार्डच्या आतल्या कडेला साचलेला चिखल काढा. तो चिखल बाकी गाडी वाळली तरी ओला राहतो.

कानस:
ठिपक्यांसाठी पटाश्या रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवू नका. आम्ल गंजावर थांबत नाही, चांगलं पोलादही खातं, पातं करडं पडतं. तेल लावून बारीक स्टील वूल, तेवढं पुरे. पाठीची सपाट बाजू आधी तपासा. तिथे धारेजवळ खड्डा असेल तर धार दातेरी येते.

रंधेवाला:
सगळ्यांचे आभार. दाराची तीनपैकी दोन भोकं बुजलेली होती. काडी घातल्यावर तांबडं पाणी बाहेर आलं, अर्धा कप तरी असेल. पत्रा दबत नाहीये, तेवढं नशीब. दोन दिवस दार उघडं ठेवून वाळवतोय.

पटाश्या पुसून झाल्या. अंगठ्याचा रंग गेला, पण नख फिरवलं की ठशाच्या रेषा अजून लागतात. पाठ सगळ्यांची स्वच्छ आहे. ठसा वरच्या अंगाला, मुठीजवळ आहे, धार तिथवर पोचायला कित्येक वर्षं लागतील. तो घासून काढत नाही. वडिलांचं पोलाद उगाच कशाला झिजवू. मेण उद्या करतो.