प्रेडर-विली, १२८ किलो वजन, पायाची सूज परत परत येते

शाहूपुरीकर: धाकट्या भावाला प्रेडर-विली सिंड्रोम (जन्मजात जनुकीय आजार; स्नायू ढिले, भूक आवरत नाही) आहे, वय २४. दोन आठवड्यांत ५ किलो वाढला, पाय सुजलेत, बसल्या जागी झोपतो. टूडी एकोत (हृदयाची सोनोग्राफी) डाव्या बाजूचं पंपिंग ६०%, म्हणजे नॉर्मल, उजवी बाजू मोठी, फुफ्फुसातला दाब जास्त. बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढतं ते) मात्र नॉर्मल. लॅसिक्सनं (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) सूज उतरते नि पुन्हा येते. काय राहून जातंय?

हृदयविभाग: बीएनपीवर विसंबू नका, लठ्ठपणात तो मुळातच कमी येतो. दोन आठवड्यांत ५ किलो ही नुसती चरबी नव्हे, त्यात पाणी आहे. मूळ बहुधा झोपेतल्या श्वासात असणार. स्नायू ढिले, छातीवर चरबीचं ओझं, त्यामुळे रात्री श्वास उथळ होतो, ऑक्सिजन उतरतो आणि फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून उजवा कप्पा थकतो. लॅसिक्स पाणी काढतं, दाब तसाच राहतो. स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) आणि एबीजी (धमनीच्या रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) करा. सीपॅप की बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारी यंत्रं) ते त्यावर ठरेल. रक्तातलं बायकार्बोनेट किती आहे? २७ च्या वर असेल तर कार्बन डायऑक्साइड साठत असण्याची शक्यता धरायची. लॅसिक्सनंही बायकार्बोनेट थोडं वाढतं.

श्वसनतंत्र: घरी मोठ्या फ्लोनं ऑक्सिजन लावू नका. ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के पुरे. ९९ दिसलं की घरच्यांना बरं वाटतं, पण कार्बन डायऑक्साइड वाढून पेशंट गुंगीत जातो. बीपीचा पट्टाही बघा; दंडाचा घेर ३२ सेंमीच्या वर असेल तर मोठा हवा, नाहीतर बीपी उगाच जास्त येतं आणि गोळ्या वाढतात.

आहारताई: मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. खर्डा, लोणचं, पापड, बाहेरचा तांबडा-पांढरा यातच ते संपतं. लो-सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं. सोबत अल्डॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी सुजेची गोळी) असेल तर धोका. स्वयंपाकघराला कुलूप हवंच. वजन रोज सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर. तीन दिवसांत २ किलो वाढलं की डॉक्टरांना फोन. ही मुलं दुखणं सांगत नाहीत, ताप-उलटीही सहसा होत नाही. म्हणून त्यानं जेवण नाकारलं किंवा उलटी केली, तर लगेच दवाखाना.

शाहूपुरीकर: बायकार्बोनेट ३१ आहे.

हृदयविभाग: लॅसिक्सचा वाटा धरूनही जास्तच. एबीजी उद्याच करा. हाक मारून उठेना झाला, तर रात्र असली तरी थेट सीपीआर रुग्णालयाच्या (कोल्हापूर) अपघात विभागात न्या.