हिमालयात एकटीनं जाताना तुमचं काय चुकलं? (नाशिककर मैत्रिणींसाठी अनुभव धागा)

नमस्कार. वय ४१, मुक्काम गंगापूर रोड, नोकरी दिवसभर बसायची. ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं डोक्यात घेतलंय, ५,३६४ मीटर. एकटीनं म्हणजे गाइड असेल पण नवरा, मैत्रीण, ग्रुप यातलं कोणी नाही. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "भांडण झालंय का तुमचं?" आणि नवऱ्यानं पेपरातून मान वर न काढता सांगितलं, अजून नाही.

व्हिडिओ ढिगानं बघितले, सगळ्यात एक बाई झेंडा धरून हसत उभी असते. मला ते नकोय. तुमच्यातल्या ज्या दहा हजार फुटांच्या वर एकट्या जाऊन आल्यात त्यांनी फसलेलं सांगा, शरीरानं काय काय नाटकं केली ते सांगा, आणि नाशकात राहून काय तयारी खरंच उपयोगी पडली तेही. लाजू नका, इथं सगळ्या आपल्याच आहेत.

देवळाली कॅम्प

मी सांगते माझा शहाणपणा. लेह, मारखा व्हॅली, वय तेव्हा ३४. मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून सकाळच्या विमानानं लेह. आपलं नाशिक सहाशे मीटरच्या आतबाहेर, लेह साडेतीन हजार, म्हणजे झोपेतून उठेपर्यंत तीन हजार मीटर वर. सगळे सांगतात पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा. पण मला काहीच होत नव्हतं ना! उलट मस्त वाटत होतं, म्हणून दुपारी चालत शांती स्तूपाच्या पायऱ्या चढले, फोटो काढले, खाली येऊन थुक्पा खाल्ला आणि रात्री दोन वाजता बादली शोधत होते. डोकं असं की उशीला टेकवलं तरी दुखतंय. त्रास लगेच होत नाही, सहा-बारा तासांनी होतो, हे मला तेव्हा कळलं.

आता खरी गंमत. मी गेस्टहाऊसमध्ये एकटी, खोलीत कोणाला पत्ता नाही. ग्रुपमध्ये असतं तर शेजारची म्हणाली असती, अगं तुझा चेहरा बघ. इथं कोण बघणार? सकाळी नाश्त्याला गेले नाही म्हणून मालकीणबाई, त्यांना तिकडे आमा-ले म्हणतात, दार वाजवायला आल्या आणि मला बघून थेट दवाखान्यात घेऊन गेल्या. ऑक्सिजन लावला, दोन दिवस झोपून काढले, मग ठीक झाले. आणि या सगळ्यात माझा फोन बंद, कारण बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आईनं इकडे देव पाण्यात घातले होते.

तेव्हापासून माझा एकच नियम, मुक्कामाला पोचलं की तिथल्या एका माणसाला, बाईमाणूस असेल तर उत्तमच, तोंडानं सांगायचं, मी एकटी आहे, सकाळी सातला मी दिसले नाही तर दार वाजवा. पहिल्यांदा कसंतरीच वाटतं बोलायला. पुढचा ट्रेक मात्र झकास झाला, गावागावात होमस्टे, निमालिंगला पावणेपाच हजारांच्या आसपास तंबूत गारठले, कोंगमारू ला ही खिंड चढताना दहा पावलं टाकून थांबायचं, परत दहा. वर पोचून रडले, कशाला ते माहीत नाही.

सिडको

छान धागा. मी लॅबमध्ये काम करते म्हणून हे आधी लिहिते, बूट-बॅग नंतर. निघायच्या तीन-चार महिने आधी सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणं इतकं कॉमन आहे की दहा आलं तरी "बरंय की" म्हणतात. ५,५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन निम्माच, त्यात तो वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी म्हणजे कठीण काम. आणि लोहाच्या गोळ्या आठवड्यात जादू करत नाहीत, दोन-तीन महिने धरा, गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. पाळी थांबवायच्या किंवा पुढे ढकलायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं नको, काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, वर हालचाल कमी, पाणी कमी, थंडी, त्यामुळे डॉक्टरांना उंचीचं सांगूनच विचारा.

धागाकर्ती

सीबीसी चार वर्षांत केलेलं नाही. उद्याच जाते.

पंचवटी

मी ५६ वर्षांची आहे त्यामुळे माझा अनुभव बेस कॅम्पचा नाही, तुंगनाथ-चंद्रशिला, साधारण चार हजार मीटर, पण एकटी गेले होते आणि तीन महिने तयारी केली होती म्हणून लिहिते. रोज सकाळी चामरलेणी, पाठीवर सॅक आणि त्यात पाण्याच्या बाटल्या, पहिल्या आठवड्यात दोन लिटर मग चार मग सहा. वर गेलं की पाणी झाडांना घालायचं म्हणजे उतरताना गुडघ्यांवर ओझं नाही. दर रविवारी पांडवलेणी नाहीतर अंजनेरी, आणि महिन्यातून एकदा कळसूबाई बारी गावातून. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर माझा श्वास आणि पाय यांचं जे काय जमलं ते कुठल्याही जिमनं जमवलं नसतं.

पण एक लक्षात घ्या, कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर असलं तरी १,६४६ मीटरच आहे. तिथं पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही. मला वाटलं होतं मी चार वेळा कळसूबाई केलंय तर तुंगनाथ काय, दगडी वाट तर आहे, आणि वर जाताना पंचविशीतली पोरं धापा टाकत बसलेली बघून मनात जरा हसलेही, मग अर्ध्या तासानं मीच एका दगडावर बसले होते आणि तीच पोरं पुढे गेली, जाताना म्हणाली, "आंटी, धीरे धीरे." बरोबरच होतं त्यांचं. बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं. एकटी असलं की बोलायला कोणी नसतं, म्हणून मी रामरक्षा म्हणायचे. ओळ मध्येच तुटली की समजायचं वेग जास्त झालाय.

आणि काठ्या दोन घ्या, एक नाही. ट्रेकला निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा. माझी अंगठ्याची दोन्ही नखं काळी पडली होती.

नाशिकरोड

माझं जरा लांबेल. हम्प्ता पास, ४,२७० मीटर. एका कंपनीच्या ग्रुपमध्ये एकटीनं बुकिंग केलं होतं, म्हणजे अठरा अनोळखी माणसं आणि मी, याला पण सोलोच म्हणतात आजकाल. बालू का घेराला तंबूत पोचले तेव्हा डोकं ठणकत होतं, जेवणाचा वास नको वाटत होता, आणि मी ट्रेक लीडरला सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम पानी पियो, सबको होता है, कल पास पे फोटो लेना है ना. मला वाटलं आपणच नाटकी. ग्रुप आपल्यामुळे थांबायला नको, पैसे भरलेत, नाशिकमध्ये सगळ्यांना सांगून आलोय, ऑफिसात केक कापला होता निघताना! ही सगळी गणितं डोक्यात आणि डोकं तर दुखतंय.

रात्री लघवीला उठले आणि तंबूच्या दोरीला अडखळले, परत उठताना परत तोल गेला. तेव्हा आठवलं, कुठंतरी वाचलं होतं की टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालून बघायचं, दारू न पिता दारूड्यासारखं चालायला झालं तर तो मेंदूला सूज येण्याचा इशारा असतो. टॉर्चच्या उजेडात दगडांमध्ये मी दहा पावलं चालून बघितली. चालता आलं, पण तीनदा प्रयत्न केल्यावर. सकाळी लीडरला विचारलंच नाही, सांगितलं, मी खाली जातेय, मला एक माणूस द्या. तो कुरकुरला, मग दिला. चिकाला, म्हणजे खालच्या मुक्कामाला पोचेपर्यंत डोकेदुखी अर्धी उतरली होती, संध्याकाळी मनालीत मी दोन प्लेट राजमा-चावल खाल्ले.

नंतर त्याच ग्रुपमधल्या एकीनं मेसेज केला की तिलाही तसंच होत होतं पण ती बोलली नाही, पासवर उलट्या करत गेली. सुदैवानं निभावलं. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, तोल जाणं, यातलं काहीही झालं तर औषध-बिषध नंतर, आधी खाली उतरायचं, रात्र असली तरी. आणि लक्षणं असताना वरच्या मुक्कामाला जायचं नाही, कोणी कितीही मॅडम मॅडम केलं तरी.

पैसे परत मिळाले नाहीत. परत गेले नाही अजून, जाईन.

कॉलेज रोड

बेस कॅम्प करून आलेय, दोन वर्षांपूर्वी. मुद्द्याचं फक्त.

तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. म्हणून नामचेला (३,४४०) दोन रात्री आणि डिंगबोचेला (४,४१०) दोन रात्री, हे पॅकेजमध्ये नसेल तर ते पॅकेज घेऊ नकोस, स्वस्त असलं तरी. थांबायच्या दिवशी लोळायचं नाही, वर चढून खाली येऊन झोपायचं.

लुक्लाची (तिथून चालणं सुरू होतं) विमानं हवामानावर चालतात. मागेपुढे दोन-तीन दिवस मोकळे ठेव, दिल्लीचं परतीचं तिकीट काठमांडूला उतरायच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नकोस, मी काढलं होतं. ऑक्टोबरच्या गर्दीत बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडी, एकटी असलीस तर ही गाडी आधीच ठरवून ठेव. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र घे, नेपाळच्या विमानाला आधार चालत नाही. इन्शुरन्समध्ये सहा हजार मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर लिहिलंय का ते बारीक अक्षरात वाच.

डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) मी घेतली, डॉक्टरांना विचारून, १२५ मिलिग्रॅम दोन वेळा, चढाई सुरू करायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, घाबरायचं नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांग. आणि लघवी लागते, भरपूर, रात्री तीनदा. यावर पुढची कोणीतरी लिहा, मला जेवायला बोलावतायत.

सातपूर

मी लिहिते, मला लाज नाही. केदारकांठा, डिसेंबर, बाहेर बर्फ. रात्री लघवी लागली की आपण काय करतो, धरून ठेवतो. आणि ती लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाही. हीच सगळ्यात मोठी चूक, डोकेदुखी उंचीची की पाणी कमी पडल्याची तेच कळत नाही मग. मी उभ्यानं करता येतं ते फनेल घेतलं, घरी बाथरूममध्ये आठवडाभर प्रॅक्टिस केली, पहिल्या दिवशी पाय भिजले, नंतर जमलं. तंबूत रुंद तोंडाची बाटली ठेवायची, तिच्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे, म्हणजे अंधारात हाताला कळतं की ही प्यायची नाही. हसू नका, नुसत्या आकारावरून कळत नाही पहाटे तीनला.

पाळी तारखेच्या आठ दिवस आधी आली. वर असं होतं म्हणे पुष्कळ जणींना, तेव्हा तारीख नसली तरी सामान बरोबर पाहिजेच. कप वापरायचा असेल तर इथं दोन-तीन पाळ्या वापरून बघा, पहिला प्रयोग बर्फात नको, हात धुवायला पाणी गरम करून मागावं लागतं. पॅड असेल तर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी खाली आणायची, बर्फात पुरायची नाही, उन्हाळ्यात सगळं वर येतं. ओले वाइप्स दगड होतात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. त्याच बॅगेत फोन, पॉवर बँक, कॅमेऱ्याची बॅटरी, उद्याचे मोजे आणि गरम पाण्याची बाटली. माझ्या बॅगेत मलाच जागा नव्हती.

सटाणा

नाशिक जिल्हाच आहे, चालेल ना? मी साल्हेरच्या पायथ्याची, किल्ले म्हणजे आमचं अंगण. पहिल्यांदा हिमालयात निघाले तर आजी म्हणाली, "एकलीच चालनी का?" आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती चटणी फार कामी आली, वर भूक मरते तेव्हा तिखट काहीतरी लागतं.

घरच्यांसाठी मी एक कागद करून ठेवते. कुठल्या दिवशी कुठं मुक्काम, गाइडचा नंबर, कुठं रेंज नाही, आणि शेवटची ओळ, अमुक तारखेला रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काळजी सुरू करा, त्याआधी नाही. यामुळे आई शांत राहते. लोक सॅटेलाइट कम्युनिकेटर घ्या म्हणतात, पण भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर अडकाल. केदारकांठ्याला जायचं तर डेहराडूनहून सांकरीची (पायथ्याचं गाव) शेअर जीप-बस सकाळी लवकर निघते, तीच पकडा, अंधार पडायच्या आत पोचा. माणसं चांगली भेटतात पण "अकेली हो?" विचारलं की मी सांगते, पीछे ग्रुप आ रहा है.

धागाकर्ती

सगळ्यांना उत्तर द्यायला वेळ लागला, सॉरी. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन तर विचारूच नका. रात्री थकवा येतो तो वयाचा म्हणून मी तीन वर्षं चहा पीत होते. डॉक्टर म्हणाल्या, आधी हे कशामुळे ते बघू, मग गोळ्या, मग तीन महिन्यांनी परत तपासू, ऑक्टोबर जमणार नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो पहिल्यांदा पेपर खाली ठेवून बोलला.

एप्रिल धरलाय. सासूबाईंना कळलं तेव्हापासून रोज बीट आणि खजूर समोर येतोय, भांडणाचा विषय मागे पडला. डॉक्टरांनी हळूहळू चालायला हरकत नाही सांगितलंय, त्यामुळे पंचवटीच्या ताई, रविवारी सहाला चामरलेणीच्या पायथ्याशी येते. सुरुवात दोन लिटरनं.