अनुभव धागा: बंबावरचा आमचा फौजी

सातारकरीण:
आज १४ एप्रिल. दुपारी आमच्या कोपऱ्यावर जयंतीची मिरवणूक भरात होती आणि मागून बंब आला. भोंगा ऐकल्याबरोबर पोरांनी ताशे थांबवले, हाताची साखळी करून गर्दी दोन्हीकडे सारली, बंब गेला, ताशे परत सुरू. अर्धं मिनिट लागलं नसेल. मी गॅलरीत उभी राहून रडत होते. आजच अग्निशमन सेवा दिनही असतो आणि माझा मामेभाऊ फायरमन होता.

त्याआधी १५ वर्षं नेव्हीत. अठराव्या वर्षी गेला, तेहतिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन आला. मामी म्हणाली, आता गावात राहा, दुकान टाक. दादा गेला फायर ब्रिगेडच्या भरतीत पळायला, विशीतल्या पोरांबरोबर! लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नेव्हीच्या ट्रेनिंग सेंटरात जहाजावरची आग विझवायला शिकला होता. म्हणायचा, समुद्रात १०१ लावून कोण येणार, जो जवळ असेल तोच फायरमन, मग तो स्वयंपाकी का असेना.

तीन वर्षं नोकरी झाली. एका सकाळी रात्रपाळी करून आला, आंघोळ केली, पोहे मागितले आणि बसल्या जागी गेला. हार्ट. छत्तीस वर्षांचा. लोक विचारतात, आगीत गेला का? नाही म्हटलं की विषय बदलतात. तो कसा होता ते कुणी विचारतच नाही. तुमच्या घरात, ओळखीत असं कुणी असेल, फौजेतलं किंवा बंबावरचं, तर लिहा ना.

कल्याणची_मी:
बाई गं. पोहे खाल्ले का गं त्याने? मनात तेवढंच आलं, रागावू नकोस.

सातारकरीण:
दोन घास. मामीने पुढे वर्षभर पोहे केले नाहीत. मग दादाच्या मुलाने मागितले तेव्हा केले.

निवृत्त_तांडेल:
ताई, रात्रपाळीनंतर हृदय बंद पडून गेलेले आमच्यातही आहेत. झोपेतून घंटा झाली की मिनिटभरात गाडीत बसायचं, अंगावर जाड कोट, पाठीवर हवेचा सिलिंडर, आत भट्टी. शरीर ते सगळं धरून ठेवतं. तुमचे दादा ड्यूटीतच गेले असं मी मानतो.
आम्ही कॉलला वर्दी म्हणतो. फौजी माणूस वर्दीवर वेगळा कळतो. गोंधळात त्याचा आवाज चढत नाही. आमच्याकडे एक माजी सुभेदार होता, होज, म्हणजे पाण्याचा लांब पाईप, गुंडाळायचा तर अशी की बघत राहावं. नव्या पोरांना म्हणायचा, गुंतलेली होज म्हणजे वरच्या मजल्यावर थांबलेला माणूस.

डबेवाली_नाही_डबा_भरणारी:
घाईत लिहितेय, पोरीची रिक्षा येईल. नवरा फायरमन, आधी आर्मी. धुराचा वास केसातून दोन दिवस जात नाही. आधी मी त्याचा युनिफॉर्म घरच्या कपड्यांबरोबरच टाकायचे. मग त्यांना ट्रेनिंगमध्ये सांगितलं की जळलेल्या प्लास्टिक-रंगाची काजळी कातडीतून आत जाते, कॅन्सरचा धोका असतो. तेव्हापासून वेगळी बादली. सर्वांनी हे करा. बाकी रात्री लिहिते.

कल्याणची_मी:
वेगळी बादली म्हणजे मशीनमध्ये अजिबात नाही का?

डबेवाली_नाही_डबा_भरणारी:
मुलांचे कपडे असतात त्या मशीनमध्ये तरी नाही. हाताने, हातमोजे घालून.

लाल_बादली:
मी आर्मी, १७ वर्षं. युनिटमध्ये फायर पिकेटची, म्हणजे आगीवर लक्ष ठेवायच्या पहाऱ्याची, पाळी सगळ्यांनाच असायची. वाळूच्या लाल बादल्या. बूड गोल का असतं माहीत आहे का? जमिनीवर उभी राहत नाही, म्हणजे कुणी धुण्याला पळवत नाही! सातारकरीण, तू अपशिंग्याची का? आमची बहीण दिलीय तिकडे.

सातारकरीण:
मी वाईजवळची. आजोळ मात्र अपशिंगे मिलिटरी, अगदी बरोबर. घराघरात फौजी. दादा नेव्हीत गेला तेव्हा आजोबा आठवडाभर रुसले होते, आपल्यातलं कुणी पाण्यावर जातं का म्हणून.

लाल_बादली:
हाहा, खरंच असंच असतं. बहिणीचं सासर विचारतो, ओळख निघेलच.

परळकर:
अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिललाच का, ते नव्या मुलांसाठी लिहितो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली. त्यात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र. बंबवाले पाणी मारत असतानाच स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या, गाळ काढताना त्या पुढे कित्येक वर्षांनी सापडल्या. माझ्या आजीला फक्त विटांची गोष्ट माहीत होती. ६६ माणसांची मला मोठेपणी कळली, याचं वाईट वाटतं.
आणि काळबादेवी. ९ मे २०१५, गोकुळ निवास इमारतीची आग. संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. सुधीर अमीन आणि सुनील नेसरीकर भाजले होते, तेही त्याच महिन्यात गेले. चौघेही मुंबई फायर ब्रिगेडचे अधिकारी, नेसरीकर तर प्रमुख. एवढे मोठे साहेब, पण आगीच्या तोंडाशी होते.

चिमणी_पुणे:
आमच्याकडे बंब आला तो कावळ्यासाठी. मांजात अडकून झाडावर लोंबकळत होता. जवानाने शिडीवरून जाऊन सोडवला, कावळ्याने त्याच्याच हाताला चोच मारली. मुलाने विचारलं, काका राग आला का? म्हणे, घाबरलेला कुणीही असंच करतो, माणसंसुद्धा आम्हाला ओरबाडतात. धाग्याशी संबंध नाही फारसा, पण तो चेहरा लक्षात राहिला.

सांगलीची_आई:
माझा मुलगा पुढच्या वर्षी फौजेतून सुटतोय. त्याला फायरमध्ये जमेल का? मला भीती वाटते. एकदा वाचला, परत कशाला.

लाल_बादली:
काकू, माजी सैनिकांना राज्यात १५ टक्के जागा असतात, वयातही सवलत असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला सांगा. भीतीचं काय सांगू, माझ्या आईलाही वाटायची.

सातारकरीण:
काकू, मामीलाही वाटायची. पण घरी बसलेले सहा महिने दादा कोमेजला होता. भरती झाल्यावर परत बोलायला लागला.
घरातसुद्धा तसाच. लग्नाला गेला की जेवणाआधी कार्यालयाचं मागचं दार उघडतं का ते बघून यायचा. एका दिवाळीत आमच्या कढईतल्या तेलाने पेट घेतला. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. दादाने तिचा हात धरला, गॅस बंद केला, झाकण सरकवलं, संपलं. मग आईला बसवून समजावलं, तापलेल्या तेलात पाणी पडलं की त्याची एकदम वाफ होते आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडतं. आई थरथरत होती. तर म्हणाला, आत्या, चकल्या राहिल्यात, मी तळतो. आणि खरंच सगळ्या तळल्या. जरा करपवल्या.

कल्याणची_मी:
झाकण. लक्षात ठेवते गं.

डबेवाली_नाही_डबा_भरणारी:
आले परत. नवऱ्याला वाचून दाखवलं. विचारतोय, दादा कुठल्या जहाजावर होते?

सातारकरीण:
उद्या मामीला विचारून सांगते. त्याचा पांढरा युनिफॉर्म अजून कपाटात आहे, टोपीच्या पट्टीवर नाव असेल.