स्वस्तातला लॅपटॉप आणि आतली डिस्क: तुमचं काय झालं?

भाचीनं यंदा बीकॉमला प्रवेश घेतलाय. बजेट २८ हजार, फार तर ३०. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात दोन लॅपटॉप समोर ठेवले. एकात १२८ जीबी ईएमएमसी, दुसऱ्यात २५६ जीबी एसएसडी (दोन्ही डेटा साठवायच्या चिपा), फरक साडेतीन हजारांचा. दुकानदार म्हणाला, "दोन्हीत हार्ड डिस्कसारखं फिरणारं काही नाही, एकच झालं की." कंपनीची पत्रकं वाचून झालीत. तुम्ही वापरून काय भोगलंत ते आपल्या भागाचं नाव टाकून लिहा.

जुळे सोलापूर
२०२० ला पोराच्या ऑनलाइन शाळेसाठी ६४ जीबी ईएमएमसीवाला घेतला. चालू केला तर ६४ चे ५८च दिसले, त्यातले निम्मे विंडोजनंच खाल्ले. पहिलं मोठं अपडेट आलं आणि 'जागा नाही' म्हणून अडून बसलं. सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. तेव्हा आपल्याकडे पाणी तरी चार-पाच दिवसांआड यायचं, इथं जागा रोज करावी लागायची. मोठी डिस्क टाकायला नेला, तर मेकॅनिकनं खालचं झाकण काढून नखाएवढी काळी चिप दाखवली. "बोर्डालाच डाग मारून बसवलीय की ओ, काढू कशी?" साडेतीन हजार वाचवू नका.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
आमचा टॉवेलचा कारखाना. ऑफिसातला लॅपटॉप २०१६ चा, १ टीबीची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क. बटण दाबून टपरीवर चहा पिऊन यायचं, तरी पडद्यावरचं गोल फिरतच असायचं. दोन वर्षांपूर्वी २४० जीबीची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी टाकली. आता शटर पूर्ण वर जाईपर्यंत टॅली उघडलेलं असतं. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपला ठेवलीय. वडील म्हणतात, आमच्या जेकार्डचं (नक्षी विणणाऱ्या मागाचं) डिझाइन पुठ्ठ्याच्या भोकांच्या कार्डांत असायचं, कधी हँग झालं नाही. ती कार्डं उंदीर कुरतडायचे, हे मात्र सांगत नाहीत.

विजापूर रोड
माझी चूक ऐका. 'एम डॉट टू' (पट्टीसारख्या एसएसडीचा आकार) एवढंच वाचून ऑनलाइन एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीची एसएसडी) मागवली. खाचेत बसलीच नाही, कारण माझ्या मशीनची खाच साटाची होती. दोन्ही पट्ट्या २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, दिसायला जुळ्या बहिणी. एनव्हीएमईच्या सोनेरी टोकाला बहुतेक एकच खाप असते, साटावालीला दोन. हे दुकानातल्या पोरानं नखानं दाखवलं तेव्हा कळलं.
वेगाचं म्हणाल तर ईएमएमसीची कागदावरची कमाल सेकंदाला ४०० एमबी, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढं. टायपिंग आणि एक्सेल करणाऱ्याला शेवटच्या दोघींतला फरक जाणवतही नाही. उगाच पैसे घालू नका.

बाळे
ईएमएमसीला इतकं झोडपू नका. माझ्या ६४ जीबीवाल्यातून विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं, अर्ध्याहून जास्त जागा मोकळी झाली. त्याला पंखाच नाही, त्यामुळं आवाज नाही, धूळ ओढणं नाही. मे महिन्यात ४३ डिग्रीत मात्र मांडीवर घेऊ नये. तेव्हा तो दमतो, मीही.

साखर पेठ
एसएसडी घ्या, पण तिच्यावर जीव टाकू नका. हार्ड डिस्क मरायच्या आधी पुष्कळदा टक-टक करून सांगते तरी. माझी एसएसडी रात्री ठीक होती, सकाळी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) नावच नाही. शाळांच्या गणवेशांची मापं, नावांसकट, सगळी गेली. जूनच्या तोंडावर चार शाळांत टेप घेऊन पुन्हा फिरलो. मापं आता पेनड्राइव्हवर असतात आणि वहीतही.

धागा काढणारा
दुकानदाराला झाकण उघडून दाखवा म्हटलं, तर वॉरंटी जाते म्हणाला. मग मॉडेल नंबर घेऊन सर्व्हिस मॅन्युअल बघितलं. २५६ वाल्यात एसएसडी खाचेत आहे, रॅमचीही एक जागा मोकळी. १२८ वाल्यात दोन्ही बोर्डाला चिकटवलेलं. २५६ वाला ठरला, सोबत ६४ जीबीचा पेनड्राइव्ह.
बाळेकर, मिंटचा पेनड्राइव्ह दोन दिवस उसना मिळेल का? माळ्यावर एक जुना लॅपटॉप पडून आहे.