स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' कळलंय का? लिहा अनुभव

झोपेतच 'अरे, हे तर स्वप्न!' असं उमगणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. ही बढाई नव्हे. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने ठरवून केलेले डोळ्यांचे इशारे यंत्रावर टिपले होते. मला विचारायचंय ते एवढंच: ज्यांच्या मनासमोर चित्र लख्ख उभं राहतं, त्यांना हे सोपं जातं का?

*

मला जातं. पहाटे स्वप्नातून जाग आली की डोळे न उघडता तेच स्वप्न पुन्हा सुरू करते, फक्त या खेपेला ते ओळखायचं. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांची पद्धत साधारण अशीच आहे. परवा स्वप्नात आजोळचा जिना चढत होते. आजोळच्या घराला माडीच नाही! पडल्यापडल्या तोच जिना परत चढले. कठड्याचं हाताला गुळगुळीत लागणारं लाकूड, करकरणारी पायरी, सगळं आणलं आणि घोकलं, 'माडी दिसली की स्वप्न.' डोळा लागला, माडी आली, आणि मी कठड्यावरून खुशाल तरंगत अंगणात उतरले.

*

डोळे मिटले की मला निव्वळ काळोख. याला अफँटेजिया म्हणतात. हे नाव २०१५ मधलं, अ‍ॅडम झीमन यांनी दिलेलं. स्वप्नं मात्र रंगीत पडतात. मी मनात तबल्याचा ठेका धरून झोपतो आणि कधीमधी जमतंही. तेव्हा चित्रच हवं, हे काही पटत नाही बुवा.

*

माझं उलटंच. डोळे मिटून अशी माडी मनात उभी केली की तिच्यावर पाहुणे येतात, चहा होतो, भांडणं लागतात आणि सहाचा गजर वाजतो. झोप गेली ती गेलीच.

*

@वरचे पाहुणेवाले: गोष्ट रचू नका हो, एकच क्षण घोळवा. तेही पहाटेच, कारण स्वप्नांच्या झोपेचे टप्पे तेव्हा लांबतात. शिवाय दिवसा अधूनमधून नाक दाबून श्वास घेऊन बघा. सवय स्वप्नात उतरते, आणि तिथे नाक दाबूनही श्वास चालतो.

*

कल्पनाशक्तीची खरी गरज मला ओळखल्यानंतर पडते. हुकूम सोडून समुद्र येत नाही. 'या दाराआड समुद्र आहे' असं पक्कं धरून दार उघडावं लागतं. मागच्या वेळी उघडलं, तर आत दहावीचा बीजगणिताचा पेपर चालू होता.