‘वांशिक अल्पसंख्याक’ म्हणावं का?

प्रश्न: जर्मनीवरचा एक लेख मराठीत आणतेय. डेन, फ्रिसियन, सॉर्ब आणि सिंती-रोमा या चार समाजांना तिथे ‘राष्ट्रीय अल्पसंख्याक’ म्हणतात. तुर्कस्तानातून आलेले लोक संख्येने कितीतरी जास्त, तरी यादीत नाहीत. सरसकट ‘वांशिक अल्पसंख्याक’ लिहिलं तर?

उत्तर १: नका लिहू. तिथे हा दर्जा डोकी मोजून मिळत नाही. जर्मन नागरिकत्व, स्वतःची भाषा-संस्कृती, ती टिकवण्याची इच्छा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं वास्तव्य, हे निकष. तुर्की कामगार आले ते 1961 च्या करारानंतर, म्हणून ते या यादीबाहेर. सॉर्ब हे स्लाव्ह (पोलिश, चेक यांच्या कुळातली) भाषा बोलणारे, पूर्व जर्मनीतल्या लुसाशियात हजार वर्षांहून जुने. तिथल्या बाउत्सेन शहराच्या पाट्यांवर ‘बुडिशिन’ हे त्यांचं नावही असतं.

शिवाय ‘वांशिक’ इथे साफ चुकतं. पश्चिम जर्मनी आणि डेन्मार्क यांनी 1955 मध्ये काढलेल्या बॉन-कोपनहेगन जाहीरनाम्यांनुसार सीमेवरच्या श्लेसविग भागात स्वतःला डेन म्हणवणारा माणूस डेन. सरकारी अधिकाऱ्याने त्याची शहानिशा करायची नाही! रक्त, आडनाव, आजोबा कोण, काही विचारायचं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि ‘वांशिक’ म्हटलं की नेमकं तेच पुसलं जातं.

आपल्याकडे ‘अल्पसंख्याक’ म्हटलं की वाचकाला आधी धर्म आठवतो, राज्यघटनेच्या 30 व्या कलमात भाषिक अल्पसंख्याकही असले तरी. म्हणून पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा द्याच. आणि ‘अल्पसंख्यांक’ नको. शेवटी ‘क’ प्रत्यय आहे, ‘अंक’ नाही.

प्रश्न: सिंती-रोमांना ‘जिप्सी’ म्हटलं तर वाचकाला पटकन कळेल ना?

उत्तर २: कळेल, पण लिहू नये. त्या अर्थाचा जर्मन शब्द ‘त्सिगॉयनर’. ऑशवित्झ या नाझी छळछावणीत या लोकांच्या हातावर क्रमांकाआधी त्याचंच आद्याक्षर ‘Z’ गोंदलं जाई. नाझींनी केलेली त्यांची कत्तल हा वंशसंहार होता, हे जर्मन सरकारने मान्य केलं 1982 मध्ये, इतक्या उशिरा. ‘रोमा’ हे त्यांनी स्वतः घेतलेलं नाव. 1971 च्या जागतिक रोमा परिषदेने ते पुढे आणलं. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि माणसाला ‘मानुश’ म्हणतात, तेव्हा मराठी वाचकाला ते परके वाटायचं कारण नाही.

उत्तर १: तुर्कांबद्दल लिहाल तिथेही ‘तुर्की वंशाचे’ टाळा. ‘तुर्कस्तानातून आलेल्या कुटुंबांतले’ लिहा. त्यांतले बरेच आता जर्मन नागरिक आहेत, तेव्हा सगळ्यांना ‘स्थलांतरित’ म्हणणंही बरोबर नाही.